‘पर्यंत’ला इंग्रजीत काय म्हणायचे?

‘माल शनिवारपर्यंत पोचवा’ आणि ‘दुकान शनिवारपर्यंत बंद राहील’ ही दोन वाक्ये सातवीतील विद्यार्थ्याला इंग्रजीत करण्यास सांगितली, तर दोन्हीकडे बहुधा ‘टिल सॅटरडे’ असेच लिहिले जाते. दुसरे वाक्य बरोबर ठरते. पहिल्याचा अर्थ मात्र शनिवार उजाडेतो माल पाठवीतच राहा, असा होतो. तेथे ‘बाय सॅटरडे’ हवे. मराठीतील ‘पर्यंत’ मुदतही सांगते आणि अवधीही. इंग्रजीने ही दोन कामे दोन शब्दांना वाटून दिली आहेत. याच विद्यार्थ्याने घटक चाचणीत ‘पुस्तक टेबलावर आहे’ या वाक्यातील गाळलेल्या जागी ‘ऑन’ भरून पूर्ण गुण मिळविलेले असतात.

प्रेपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय, ही व्याख्या शाळेत पाठ होते. परंतु मराठीत नाते नामाच्या मागून येते आणि येताना नामाचे रूपही पालटते: टेबल, टेबलावर. इंग्रजीत नाते आधी येते आणि नाम जसेच्या तसे राहते. घरात गुजराती वा मारवाडी बोलली जात असली तरी स्थिती तीच. या भाषांतही नाते नामामागूनच येते. त्यामुळे मुलाला इंग्रजी बोलताना वस्तूचे नाव उच्चारण्याआधीच तिचे नाते ठरवावे लागते. तेथे ते क्षणभर अडखळते. त्या अडखळण्याला अज्ञान समजून वर्गात हसू पिकले, की पुढच्या तासाला ते मूल तोंड उघडत नाही. ही हानी चुकीच्या शब्दापेक्षा मोठी आहे.

‘इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर’ अशी जोडी फळ्यावर लिहून देण्याची पद्धत सोपी आहे, पण ती फार दूर नेत नाही. ‘ने’ हा एकच प्रत्यय पाहावा. पेनाने लिहिले येथे ‘विथ’, शाईने लिहिले येथे ‘इन’, बसने आला येथे ‘बाय’. ‘वर’ची कथा निराळी नाही. आंबा झाडावर लटकतो तेथे ‘ऑन’, पक्षी झाडावर बसतो तेथे ‘इन’, आणि टेबलावर दिवा टांगलेला असेल तर ‘ओव्हर’. सोमवारी, सकाळी, रात्री या तिन्ही शब्दांच्या शेवटी मराठी कान एकच ‘ई’ ऐकतो. इंग्रजी मात्र अनुक्रमे ‘ऑन’, ‘इन’ आणि ‘ॲट’ मागते. काही वेळा तर इंग्रजीला काहीच नको असते. एखाद्या विषयावर चर्चा करणे म्हणताना ‘डिस्कस’पुढे ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ जोडण्याचा मोह शिकल्यासवरल्यांनाही आवरत नाही.

म्हणून सुटा शब्द न शिकविता संपूर्ण पदसमूह शिकवावा आणि प्रारंभ मराठी वाक्यापासून करावा, हे अधिक फलदायी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांचे इंग्रजी पोसले. ती आज जुनाट मानली जाते. परंतु मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत, अशी दुहेरी ये-जा केल्याने दोन भाषांची वळणे कोठे जुळत नाहीत हे मुलाला स्वतःच उमगत असे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आले, म्हणजे सातवीपर्यंत सहा वर्षे पूर्ण होतात. एवढ्या अवधीनंतरही गाळलेल्या जागांपलीकडे जाता येऊ नये, हे पटण्यासारखे नाही.

व्यापारी घरातील मुलाच्या हाताशी तर उत्तम पाठ्यसामग्री असते. भाव पन्नासने वाढला आणि भाव पन्नासवर गेला, यांतील भेद त्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही. पहिल्याला ‘बाय फिफ्टी’, दुसऱ्याला ‘टू फिफ्टी’ एवढेच सांगावे लागते. चाळीस रुपये किलो दराने विकले तेथे ‘ॲट’, सगळा माल चारशे रुपयांना विकला तेथे ‘फॉर’: दराला एक शब्द, एकूण रकमेला दुसरा. दुकानासमोर उभी असलेली स्कूटर ‘इन फ्रंट ऑफ’ असते, रस्त्यापलीकडची बँक ‘ऑपोझिट’. आपल्या बाजारपेठेचा नकाशा काढून परगावच्या गिऱ्हाइकाला स्टेशनपासून दुकानापर्यंत वाट सांगण्याचा पाठ वर्गात घेतला, तर डझनभर शब्द एका तासात वापरात येतात. मूल वाट सांगत असता शिक्षकांनी प्रत्येक चुकीपाशी थांबवू नये. ज्या चुकीने गिऱ्हाईक भलत्याच गल्लीत शिरेल, तेवढीच आधी दुरुस्त करावी.

हे केवळ शालेय सोपस्कार नव्हेत. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात ‘ॲट साइट’ म्हणजे मागताक्षणी देय. हुंडीवर ‘आफ्टर साइट’ असेल, तर मुदत सर्वसाधारणपणे हुंडी स्वीकारल्यापासून चालू होते. एका लहानशा शब्दाने पैसे आज हाती पडतात किंवा मुदतीनंतर. १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम केंद्रीय कायद्यांतील दिवसमोजणीविषयी सांगतो, की ‘फ्रॉम’ लिहिले असता पहिला दिवस वगळला जातो आणि ‘टू’ लिहिले असता शेवटचा धरला जातो. सातवीच्या मुलाला कायदा शिकवायचा नाही. पण जो शब्द दोन गुणांचा म्हणून शिकविला जातो, त्यावर पुढे रकमेचा निवाडा होतो, हे त्याच्या पालकांना ठाऊक असलेले बरे.

दुकानात रोज येणाऱ्या इंग्रजी ई-मेलपैकी एखादा साधा, मालाच्या मागणीचा निवडावा. त्यातील नावे व रकमा झाकून, पाच-सहा शब्दयोगी अव्यये खोडून तो मुलापुढे ठेवावा. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे पुरतात. उत्तर चुकले तरी लगेच बरोबर शब्द सांगू नये. इतकेच विचारावे, की तू लिहिलेस तसे वाचले तर समोरचा व्यापारी माल कधी पाठवील, आणि किती वेळा?