रहस्यकथा क्रमाने वाचाव्यात का?



जयगडच्या आमच्या वाडीत मुंबईच्या चाकरमान्यांनी विहारासाठी जुनी पुस्तके पाठविली. त्यांत बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा गठ्ठा निघाला. काही ज्येष्ठ मंडळी म्हणाली, "विहारात असली पुस्तके नकोत, रद्दीत घाला." आठवी-नववीच्या मुलींचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "काका, यातले पहिले कोणते? कुठून सुरुवात करायची?"

प्रश्न साधा आहे, पण महत्त्वाचा आहे. मालिका मधूनच उचलली, काही कळेना झाले, की मूल पुस्तक खाली ठेवते आणि मोबाईल हातात घेते. ते पुन्हा पुस्तकाकडे वळेलच याची खात्री नाही.

अर्नाळकरांचे (१९०६-१९९६) उत्तर सोपे आहे. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू हे त्यांचे नायक गिरणगावातल्या चाळींपासून कोकणातल्या पडवीपर्यंत पोहोचले. त्यांची बहुतेक प्रकरणे त्या त्या पुस्तकातच संपतात. म्हणून हाती येईल ते वाचावे. फक्त एका नायकाची पुस्तके एकत्र ठेवावीत, म्हणजे माणसे ओळखीची होतात.

शेरलॉक होम्सचे तसे नाही. भालबा केळकरांनी त्याला मराठीत आणले. कॉनन डॉयल यांनी १८८७ साली त्याला जन्म दिला, १८९३ साली एका कथेत धबधब्यात पाडून संपविले आणि वाचकांच्या आग्रहामुळे १९०३ साली परत आणले. परत येण्याची कथा आधी वाचली, तर त्या मरणाची हुरहूर राहत नाही. ॲगाथा ख्रिस्तीबाईंचा पोयरो १९२० साली आला. त्याची अखेरची कादंबरी त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवली होती, ती प्रसिद्ध झाली १९७५ साली. ती अगदी शेवटीच वाचावी.

क्रम ओळखावा कसा? पुस्तकाचे पहिले पान उलटा. मागे 'प्रथमावृत्ती' असे लिहून साल दिलेले असते. तेच धरावे, पुढच्या आवृत्तीचे साल धरले तर घोटाळा होतो. त्या सालाप्रमाणे पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून १, २, ३ असे आकडे घालावेत. डिंक आणि कागद एवढाच खर्च.

आता ज्येष्ठांच्या आक्षेपाविषयी. रहस्यकथेतला गुप्तहेर काय करतो? सगळे जे खरे मानतात त्यावर तो शंका घेतो, पुरावा मागतो. ही रीत आपल्याला परकी आहे का? कालामांना तथागतांनी हेच सांगितले: परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभी बाबासाहेब असाच प्रश्न टाकतात. सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले म्हणून, असे परंपरा सांगते. बाबासाहेब विचारतात, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्याने यांतले काहीच पाहिले नव्हते, हे पटते का? उत्तर पहिल्या खंडात मिळते: रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा. प्रश्न न वाचता उत्तराकडे गेलो, तर त्या उत्तराचे मोल कळत नाही. वर्षावासात आपण हा ग्रंथ आरंभापासून क्रमाने वाचतो, त्यामागे हेही कारण आहे.

दुसरे उदाहरण. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९४६ चा, तर अस्पृश्यांच्या उगमाचा शोध घेणारा ग्रंथ १९४८ चा. दुसरा हा पहिल्याच्या पुढचा भाग आहे, असे त्यांनी स्वतः प्रस्तावनेत म्हटले आहे. इतिहासाचे दुवे जेथे तुटलेले आहेत, तेथे मिळालेल्या पुराव्याच्या आधाराने ते तर्काने जोडण्याचा हक्क संशोधकाला असतो, हेही तेथेच सांगितले आहे. आपल्या पूर्वजांवर लादलेल्या कलंकाचा हा तपास आहे, आणि त्याहून मोठे रहस्य आपल्यासाठी दुसरे नाही.

पण तेथवर पोहोचायला वाचनाची सवय लागते. दिवसभर बंदरावर किंवा प्रकल्पावर राबून आलेल्या बापाला, मासळीची पाटी उतरवून चूल पेटविणाऱ्या आईला मुलांना शिकवणी लावणे परवडत नाही. शंभर पाने एका बैठकीत संपविण्याचा सराव मात्र फुकट मिळतो, आणि तो रहस्यकथेसारखा दुसरे कोणी देत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. ही पुस्तके रद्दीत घालू नका, पण बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या रांगेतही मिसळू नका. खालच्या फळीवर रहस्यकथा ठेवा, वरच्या फळीवर बाबासाहेबांचे ग्रंथ, दोन्हींवर आकडे घाला. पुस्तक नेणाऱ्याचे नाव वहीत लिहा आणि ती वही मुलींच्याच हाती द्या. खालची फळी संपली, की हात आपोआप वर जाईल.

नमो बुद्धाय! जयभीम!