लोडरचा ट्रॅक्टर घेण्यापूर्वी

माळव्यात ज्या मराठी घरांची जमीन अद्याप हाती आहे, त्यांच्या बैठकीत हल्ली एक विषय हटकून निघतो: ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवावा की नाही? उकिरड्यातले खत भरण्यास व तळ्यातला गाळ उपसण्यास माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा हा विचार सुचावा यात नवल नाही.

विक्रेता सांगतो तो अश्वशक्तीचा आकडा बहुधा इंजिनाचा असतो. पीटीओच्या दांड्यावर हाती येणारी शक्ती त्याहून कमी भरते. नर्मदाकाठी बुदनी येथे केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. तिच्या अहवालात पीटीओची शक्ती, डिझेलचा खप आणि हायड्रॉलिकची उचल मोजून दिलेली असते. रंगीत माहितीपत्रकापेक्षा तो अहवाल मागून वाचावा. मध्यम शेतीला व लोडरला ४५ ते ५० अश्वशक्ती पुरेशी होते, असे आमचे मत आहे. पॉवर स्टिअरिंग मात्र हवेच. भरली बकेट पुढे असता साधे स्टिअरिंग फिरवणे म्हणजे खांद्यांची परीक्षाच.

खरा प्रश्न शक्तीचा नसून तोलाचा आहे. ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल मध्यावरच्या एका पिनवर डोलतो. म्हणून चाके चार दिसली तरी आरंभीचा आधार त्रिकोणी असतो: मागची दोन चाके आणि ती पिन. बकेट भरून वर नेली की भार या त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो आणि उंचही होतो. मग बांधावरचा लहानसा उतारही गाडी उलटवण्यास पुरतो. त्यातच साध्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे ब्रेक केवळ मागच्या चाकांना असतात. ती हलकी झाली की ब्रेक दाबूनही चाके घसरतच जातात. यासाठी मागे काँक्रीटचा ठोकळा अथवा वजनदार अवजार जोडावे, बकेट शक्य तितकी जमिनीलगत ठेवूनच चालावे, आणि मडगार्डवर कोणासही बसू देऊ नये. घरची मुले हौसेने तिथे चढतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत. आणखी एक हिशेब ध्यानात असावा. ओल्या काळ्या मातीचा एक घनमीटर दीड टनाच्या पुढे जातो, शेणखत त्याहून बरेच हलके. खताच्या अंदाजाने माती भरू नये.

आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांना वेगळी चौकट नसते. इंजिन, क्लच हाउसिंग व गिअरबॉक्स एकमेकांस बोल्टांनी जोडलेली असतात. गावच्या वर्कशॉपमधला स्वस्त लोडर नुसता पुढच्या भागाला आवळलेला असेल, तर प्रत्येक धक्का त्या जोडांवर जातो. लोडरच्या पट्ट्या मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत पोचल्या आहेत ना, हे वाकून पाहावे. जुना ट्रॅक्टर घेताना याच जोडापाशी तेल झिरपत असेल किंवा लोडरच्या पिना खडखडत असतील, तर किमतीचे बोलणे तिथेच थांबवावे.

देखभालीचे म्हणाल तर डिझेल इंजिनाचे दोन वैरी, धूळ आणि पाणी. कापणीच्या दिवसांत ऑइल-बाथ एअर क्लीनरचे तेल रोज पाहावे; ते गढूळले, वाटीत गाळ बसला की बदलावे. टाकी संध्याकाळीच भरावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते आणि ते पाणी पंपापर्यंत जाते. डिझेल फिल्टर बदलल्यावर आत शिरलेली हवा काढावी लागते, एरवी इंजिन सुरू होत नाही. लोडरच्या पिनांना कामाच्या दिवसांत रोज ग्रीस द्यावे.

हायड्रॉलिकच्या होजमधून तेल उडत असेल तर भोक बोटाने चाचपू नये. त्या दाबाचे बारीक तेल कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमावण्याची पाळी येते. तपासायचे तर पुठ्ठा धरून, आणि तेल टोचलेच तर दुखण्याची वाट न पाहता त्याच तासाला इस्पितळ गाठावे. दुरुस्तीपूर्वी बकेट जमिनीला टेकवून इंजिन बंद करावे. उचललेल्या बकेटखाली, नुसत्या तेलाच्या भरवशावर, मिस्त्रीला शिरू देऊ नये.