मशीनला नाव विचारलं की...

गुरुवारी दुपारी टीममधली नवीन मुलगी उघडा लॅपटॉप हातात घेऊन माझ्या जागेवर आली. "हे बघा ना, गंमत." एका क्लायंटच्या जुन्या लिनक्स सर्व्हरसाठी रॅम मागवायची होती, म्हणून तिनं डीएमआयडीकोड चालवलं होतं. कंपनीच्या नावापुढे उत्तर: 'टू बी फिल्ड बाय ओईएम'. मॉडेलपुढेही तेच. सिरियल नंबर ०१२३४५६७८९. म्हणजे फॉर्म कोरा ठेवून पोराला शाळेत घातलं म्हणायचं :)

ती हसली, मीही हसलो. पण मला एकदम २००५ सालची एक रात्र आठवली.

मी पुण्यात, मशीन म्हाप्याच्या डेटा सेंटरमध्ये. सनचा सर्व्हर, त्यावर सोलारिस ८. महिनाअखेर. त्या रात्री क्लायंटच्या पगाराचा जॉब चालायचा होता आणि सकाळी आठच्या आत बँकेला फाइल जायला हवी होती. रात्री दहाला तिथल्या ऑपरेटरचा फोन: दोनपैकी एक पॉवर सप्लाय गेलाय. क्लायंटच्या एक्सेलमध्ये मॉडेलच्या रकान्यात लिहिलं होतं 'सन सर्व्हर (जुना)'. धन्य! मी लॉगिन केलं, 'यूनेम -आय' मारलं, उत्तर आलं 'एसयूएनडब्ल्यू,अल्ट्रा-६०'. मशीन स्वतःच सांगतंय म्हटल्यावर आणखी काय हवं? मी रुबाबात कॉल लॉग केला.

दीड वाजता मेंटेनन्सवाल्यांचा इंजिनिअर पार्ट घेऊन पोचला आणि पाच मिनिटांत त्याचा फोन आला. "साहेब, अल्ट्रा सिक्स्टी म्हणजे वर्कस्टेशन हो. इथं रॅकमध्ये टू-ट्वेंटी आर आहे. हा सप्लाय ह्यात बसायचाच नाही."

झालं होतं असं. एंटरप्राइज २२०आर हा सर्व्हर आतून अल्ट्रा ६० वर्कस्टेशनच्याच घराण्यातला, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम दोघांना एकाच नावानं ओळखते. ४२०आरचंही तसंच, तो स्वतःला अल्ट्रा-८० म्हणवतो. आणि ३००० पासून ६५०० पर्यंतची ती मोठमोठी कपाटं सरसकट 'अल्ट्रा-एंटरप्राइज'. यूनेम खोटं बोलत नव्हतं. 'कुठल्या प्लॅटफॉर्मचा कोड चालवू?' या प्रश्नाचं ते बरोबर उत्तर होतं. मी मात्र ते 'कुठला पार्ट आणू?' याचं उत्तर समजून बसलो. पीआरटीडायग चालवलं असतं तर पहिल्याच ओळीत 'सन एंटरप्राइज २२०आर' असं स्वच्छ आलं असतं. पण त्यासाठी युएसआर-प्लॅटफॉर्म करत लांबलचक पाथ टाइप करावा लागायचा, आणि मला कंटाळा आला. एवढंच कारण.

उरलेल्या एका सप्लायवर मशीननं रात्र काढली. मी दर दहा मिनिटांनी प्रॉम्प्टवर एंटर मारून ते जिवंत आहे का बघत होतो. पगार झाले. योग्य पार्ट दुसऱ्या दिवशी अकराला आला. शिव्या त्याआधीच आल्या होत्या.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे, आणि टीममध्ये ते फारसं कुणाला आवडत नाही: कमांडच्या आउटपुटवरून मॉडेल कळत नाही, फक्त कुणीतरी कधीतरी तिथं काय लिहून ठेवलंय ते कळतं. डीएमआयडीकोड मशीन उघडून बघत नाही, बायोसमधला तक्ता वाचून दाखवतं. तक्ता भरणाऱ्यानं जांभई दिली असेल तर आपल्यापर्यंत जांभईच पोचते. प्रोलायंटचा मदरबोर्ड बदलला की सिरियल नंबर आणि प्रॉडक्ट आयडी सेटअपमध्ये जाऊन पुन्हा भरायचा असतो. रात्री तीनला बोर्ड बदलणाऱ्या माणसाच्या हे लक्षात राहील यावर तुम्ही किती पैसे लावाल?

ह्या बाबतीत आयबीएम मला नेहमी शिस्तीची वाटली. एआयएक्सवर 'यूनेम -एम' (एम कॅपिटल, स्मॉल एम वेगळंच काहीतरी देतो) मारलं की 'आयबीएम,९११७-५७०' असं येतं. डॅशच्या आधी मशीन टाइप, नंतर मॉडेल. मार्केटिंगवाल्यांनी बाहेर नाव काहीही ठेवो, पार्ट मागवायला हा आकडा पुरतो. एचपी-यूएक्सनं तर कमांडचं नावच 'मॉडेल' ठेवलं होतं! इतका सरळपणा युनिक्समध्ये विरळाच.

"पण आता सगळं क्लाउडवर आहे, मॉडेल कुणाला हवंय?" हे मला महिन्यातून एकदा तरी ऐकवलं जातं. मान्य. केव्हीएमवरच्या एखाद्या व्हर्च्युअल मशीनला नाव विचारा, ते 'स्टँडर्ड पीसी' सांगून कंसात १९९६ साल टाकतं. एवढं जुनं लोखंड तिथं अर्थातच नसतं, ते नुसतं सोंग आहे. पण त्या सोंगाखाली कुठेतरी खरा रॅक आहे, आणि तिथं पार्ट घेऊन कुणीतरी टॅक्सीनं जातंच. फक्त तो आता तुम्हाला फोन करत नाही. ज्यांचे सर्व्हर अजून स्वतःच्या ऑफिसात आहेत, त्यांना मात्र करतो.

म्हणून आमच्या रजिस्टरमध्ये मी दोन रकाने ठेवलेत: मशीन काय म्हणतं आणि स्टिकर काय म्हणतो. दोन्ही जुळले तरच ऑर्डर. पोरं याला सरकारी कारभार म्हणतात. म्हणोत बापडी.

असो. गुरुवारच्या मशीनचं पुढे काय झालं? डीएमआयडीकोडला सिस्टिमऐवजी बेसबोर्डचं नाव विचारायला सांगितलं तिला. बोर्डचा नंबर निघाला, त्यावरून रॅमचा प्रकारही कळला. तरी मी क्लायंटच्या ऑफिसबॉयला मागच्या स्टिकरचा फोटो पाठवायला लावला. संध्याकाळी फोटो आला. स्टिकरवर कुठल्याशा असेंबलरचा शिक्का, खाली 'काढल्यास वॉरंटी रद्द', आणि त्याच्याही खाली मार्करनं, ठसठशीत अक्षरात: 'अकौंट्स. हलवू नये.'