आधी बिऱ्हाड, मग घर

बदलीचा आदेश हाती पडला की कुटुंबात पहिली चर्चा सुरू होते ती घराची. पुण्याहून वा नागपूरहून दिल्लीस जाणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत मात्र भाडे किती आणि कार्यालय किती दूर, एवढ्या दोन प्रश्नांवर ही चर्चा संपवणे हिताचे नाही.

ज्या महानगरास सरसकट 'दिल्ली' म्हटले जाते, ते एका राज्यात सामावलेले नाही. १९८५ च्या कायद्याने आकारास आलेल्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दिल्लीसह हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान या राज्यांचे जिल्हे येतात. गुरुग्राम हरियाणात, तर नोएडा व गाझियाबाद उत्तर प्रदेशात. मेट्रोने ही शहरे दिल्लीशी जोडली. राज्यांच्या वेशी मात्र कायम राहिल्या.

या वेशींची खरी झळ मुलांना लागते. गुरू गोविंद सिंह इंद्रप्रस्थ विद्यापीठासारख्या दिल्ली राज्याच्या विद्यापीठांत बहुतांश अभ्यासक्रमांच्या ८५ टक्के जागा दिल्लीतील शाळांतून बारावी झालेल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. नोएडातील शाळेतून बारावी झालेला विद्यार्थी तेथे 'बाहेरचा' ठरतो. अकरावीतील मुलाला घेऊन केवळ प्रशस्त सदनिकेच्या मोहाने यमुनेपलीकडे राहावयास जाणाऱ्या पालकांस हे आधी ठाऊक असावयास हवे.

लहान मुलांची अडचण निराळी. महाराष्ट्रात शाळांचे वर्ष परंपरेने जूनमध्ये सुरू होते, दिल्लीत एप्रिलमध्ये. आणि तेथील खासगी शाळांची बालवर्गाची प्रवेशप्रक्रिया आदल्या हिवाळ्यातच सुरू झालेली असते. अनेक शाळा घरापासूनच्या अंतरास गुण देतात. म्हणजे घराचा पत्ताच शाळा ठरवतो. म्हणूनच दिल्लीत आधी शाळा पाहावी आणि तिच्या परिसरात घर शोधावे, हा क्रम शहाणपणाचा.

मराठी माणसास हा विचार नवा नाही. नोकरीनिमित्त दिल्लीस आलेली मराठी कुटुंबे पहाडगंज व करोलबाग परिसरात स्थिरावली. नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन पहाडगंजातच आहेत. मुलांना शाळा, नवागतास उतरण्याची जागा आणि सणावारी भेटणारी माणसे हाकेच्या अंतरावर असली की परका मुलूखही आपला वाटू लागतो. कुटुंबाच्या दृष्टीने चांगली वस्ती म्हणतात ती हीच. पुढे मराठी मंडळी महानगरभर विखुरली. पण वस्ती पारखण्याची ती कसोटी जुनी झालेली नाही. शाळा, दवाखाना, भाजीबाजार आणि मुलांना खेळण्याजोगे उद्यान पायी गाठता येते काय, आणि घरातील जी व्यक्ती दिवसभर एकटी असते तिला शेजार आहे काय, हे पाहिल्यावाचून भाडेकरारावर सही करू नये.

भाड्यापोटी दिलेला पैसा वाया जातो, तेव्हा पोहोचताच गृहकर्ज काढून घर घ्यावे, असा सल्ला अनेकदा दिला जातो. हिशेब मांडला तर तो नेहमीच खरा ठरत नाही. चुकीच्या वस्तीत घेतलेले घर विकताना भरलेले मुद्रांक शुल्क व नोंदणीखर्च परत मिळत नाहीत, आणि मुलांचे वाया गेलेले वर्ष तर कोणत्याच हप्त्यांनी भरून निघत नाही. दिल्लीत अकरा महिन्यांच्या करारावर घर घेण्याची सर्रास पद्धत आहे. तेवढ्या काळात उन्हाळ्यातील पाणीपुरवठा, पावसात तुंबणारे रस्ते आणि हिवाळ्यातील धुरकट हवा या तिन्हींची परीक्षा होते. पोलिसांकडील भाडेकरू पडताळणी मात्र टाळू नये.

गृहकर्ज ही पंधरा-वीस वर्षांची बांधिलकी असते. तिच्याआधी एक वर्ष बिऱ्हाडात काढणे म्हणजे उधळपट्टी नव्हे. विचारपूर्वक केलेली ती पहिली गुंतवणूक होय.