फोन विमानात बसण्याआधी उत्तर द्या
परदेशातून आणलेल्या मोबाइल फोनच्या चाचपणीबाबत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे मागणीपत्र, पुणे

प्रति : सर्व मोबाइल सेवा कंपन्या, दूरसंचार विभाग आणि भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय)

महोदय,

आमच्या संघातल्या बऱ्याच सभासदांची मुले अमेरिकेत, आखातात, जर्मनीत नाहीतर ऑस्ट्रेलियात आहेत. दिवाळीला किंवा नाताळच्या सुट्टीत ती येतात तेव्हा बॅगेत बदाम, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि एक फोन असतो. कधी कोरा, बहुतेक वेळा मुलाने दोन वर्षे वापरलेला. "बाबा, तुम्हाला आरामात पुरेल." पुरतो की नाही, ते मुलाचे परतीचे विमान उडाल्यावर कळते.

आमच्या एका सभासद बाईंना मुलीने असाच फोन दिला. सिम घातले, रेंज आली, कॉल येऊ-जाऊ लागले, सगळे खूश. आठवडाभराने त्यांच्या लक्षात आले की कोणाचाही फोन आला की इंटरनेट गप्प होते. रिक्षात बसून नकाशा बघत असताना बहिणीचा फोन आला आणि नकाशावरचा निळा ठिपका म्हात्रे पुलावर जो थिजला, तो बोलणे संपेपर्यंत हलला नाही. कंपनीच्या गॅलरीत त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत सिम बदलून मिळाले. दुसऱ्या फेरीत फोन रीसेट झाला, त्यात नातवाचे फोटो गेले. तिसऱ्या फेरीत उत्तर मिळाले, "मॅडम, हँडसेटचा प्रॉब्लेम आहे, बाहेरचा पीस आहे ना."

कारण एका वाक्याचे होते. त्या फोनवर त्या कंपनीची व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरून बोलण्याची सोय, चालू होत नव्हती. त्यामुळे प्रत्येक कॉलला फोन फोर-जी सोडून टू-जीवर उतरत होता. हे पहिल्याच दिवशी सांगता आले असते, आणि बाईंनी मुलीला फोन परत नेऊ दिला असता.

आमच्यातले काही जण टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी आम्हाला हे प्रकरण जमिनीवर आणून समजावले. खोक्यावर छापलेल्या मेगाहर्ट्झच्या आकड्यावर विसंबू नये, हा त्यांचा पहिला धडा. २३०० मेगाहर्ट्झ अमेरिकेतही आहे आणि आपल्याकडेही. पण तिथला बँड ३० आणि आपला बँड ४० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तिथे जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी. इथे एकाच वाटेवरून आळीपाळीने ये-जा. ७०० मेगाहर्ट्झचीही तीच गत. अमेरिकेत त्या पट्ट्यात बँड १२, १३ आणि १७ चालतात, तर बीएसएनएलचे फोर-जी बँड २८ वर आहे आणि जिओच्या फाइव्ह-जीचा एक भाग एन-२८ वर. रास्ता पेठेतला पत्ता सदाशिव पेठेत शोधत बसण्यासारखेच ते. शहर एकच, पण घर सापडायचे नाही.

बँड जुळले म्हणजे झाले, असेही नाही. व्होल्टी चालायला त्या कंपनीसाठीची मांडणी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. जिओचे जाळे ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाले तेच फोर-जीवर. उतरायला खाली टू-जीची पायरीच नाही. फाइव्ह-जीतही फरक आहेत. जिओची फाइव्ह-जी स्वतंत्र उभी आहे, एअरटेलने सुरुवात फोर-जीच्या आधाराने केली. एकाच फोनवर एका कंपनीची फाइव्ह-जी दिसावी आणि दुसरीची दिसू नये, हे त्यामुळेच घडू शकते. सत्तरीच्या माणसाने हे सगळे शिकून मग फोन घ्यावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. आम्ही शिकलो ते रिकामा वेळ होता म्हणून.

आता मुद्द्याचे. हे उत्तर कंपन्यांकडे आहे. कोणत्याही फोनवर *#०६# दाबले की १५ आकडी आयएमईआय दिसतो. त्यातले पहिले आठ आकडे त्या फोनच्या मॉडेलची ओळख सांगतात. त्यांना टॅक म्हणतात आणि त्यांचे वाटप जीएसएमए ही जागतिक संघटना ठरवते. फोन जाळ्यात शिरतो तेव्हा हा आयएमईआय कंपनीपर्यंत पोचतो. त्याच आकड्याच्या जोरावर चोरीला गेलेला फोन देशभर बंद करता येतो; संचार साथी ही सरकारी सोय मे २०२३ पासून तेच करते आहे. १४४२२ वर केवायएम लिहून आयएमईआय पाठवला तर फोन कोणत्या कंपनीचा, कोणते मॉडेल आणि काळ्या यादीत आहे का, हे कळते. मात्र तो आपल्या सिमवर नीट चालेल का, हा घरातला खरा प्रश्न तिथे अनुत्तरितच राहतो.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी : प्रत्येक सेवा कंपनीने टॅकचे आठ आकडे टाकून फोन तपासण्याची सोय जाहीरपणे, मराठीसह, मोफत द्यावी. पूर्ण आयएमईआय मागू नये, आठ आकड्यांत काम भागते. ही सोय वेबसाइटवरही हवी, कारण मुलगा न्यू जर्सीतल्या दुकानात उभा असताना त्याला ती वापरता आली पाहिजे. उत्तर "चालेल" अशा एका शब्दात नको. बोलणे फोर-जीवरून होईल का, इंटरनेट कोणत्या बँडवर मिळेल, फाइव्ह-जी मिळेल का, ई-सिम बसेल का, ११२ लागेल का, हे वेगवेगळे सांगावे आणि तपासल्याची तारीख द्यावी, कारण सॉफ्टवेअर बदलले की उत्तरही बदलते.

"न चालणारा" आणि "आम्ही न तपासलेला" यांत फरक आहे. आज दोन्हींना एकच शिक्का बसतो. कंपनीने तपासले नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे. त्यात कमीपणा काही नाही.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. ऑस्ट्रेलियात २८ ऑक्टोबर २०२४ पासून टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी थ्री-जी बंद करायला घेतले. त्याआधी त्यांच्या ग्राहकाने ३ हा आकडा ३४९८ वर पाठवला की आपला फोन पुढे चालेल की नाही याचे उत्तर येत असे. फोर-जीवरून आणीबाणीचा ००० हा क्रमांक लावू न शकणारे फोन बंद करण्याची सक्तीही तिथे झाली आणि त्यात बाहेरून आणलेले कितीतरी फोन गेले. फोन बंद करण्यापुरती ओळख पटते, तर ग्राहकाला सल्ला देण्यापुरती का पटू नये? ट्रायने २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांतून कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे जाहीर करायला लावलेच आहेत. त्याच वाटेवरचे हे पुढचे पाऊल.

दुसरी मागणी ई-सिमची. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा खण नाही. हातात सिम घेऊन फोनच्या चारही कडा चाचपणारे आजोबा आम्ही पाहिले आहेत. मग ३२ आकडी ईआयडी शोधा, तो पाठवा, वायफाय चालू ठेवा. ते एक वेळ जमते. पण सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात आणि बँकेचा ओटीपी येत नाही, हे आधी कोणी सांगत नाही. नियम फसवणूक रोखण्यासाठी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र बदल करण्याआधी ही गोष्ट ग्राहकाला लेखी सांगावी, दिवस त्याला निवडू द्यावा आणि नव्या फोनवर सेवा नीट मिळाली नाही तर प्लॅस्टिकचे सिम त्याच दिवशी विनाशुल्क परत द्यावे. पेन्शनच्या आठवड्यात हे उद्योग नकोत.

तिसरी मागणी छोटी आहे. गॅलरीत "हँडसेटचा प्रॉब्लेम" असे सांगायचे असेल तर कोणती सेवा मिळत नाही आणि कशामुळे, हे कागदावर लिहून द्यावे. तोंडी वाक्य अमेरिकेतल्या मुलीला पाठवता येत नाही.

प्रत्येक परदेशी फोन चालवूनच द्या, असे आमचे म्हणणे नाही. आमच्या वाटणीचे काम आम्ही करतो आहोत. हप्ते फिटले नसलेला फोन तिकडच्या कंपनीला बांधलेला असू शकतो आणि ते आठ आकड्यांवरून कळत नाही. म्हणून आयफोन असेल तर निघण्याआधी सेटिंगमध्ये 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' ही ओळ दिसते का ते पाहून तिचा फोटो पाठवा, अशी सूचना आम्ही सर्व सभासदांच्या मुलांना पाठवली आहे. काहींनी ती "पाहिली", दोघांनी अंगठा दाखवला.

सभासदांकडे असलेल्या परदेशी फोनची मॉडेल आणि टॅकनिहाय वही आम्ही तयार केली आहे. कंपनीचा जाणकार माणूस आला तर कोणत्याही गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही फोन घेऊन संघाच्या खोलीत बसू, चहा आमच्याकडून. लेखी उत्तर मात्र दिवाळीच्या आधी हवे. मुलांची तिकिटे काढून झाली आहेत.

आपले,
कार्यकारिणीच्या वतीने
चिटणीस