वाहनतळाची वतनदारी

मुंबई-पुण्याच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे वर्षभराचा जमाखर्च आला, तर तो चहा थंड होण्यापूर्वी मंजूर होतो; गाड्या लावण्याच्या जागेचा विषय निघाला, की मात्र एरवी मितभाषी असलेले सभासदही खुर्ची सोडून उभे राहतात. जागा धरून बसलेल्यांचे युक्तिवाद या प्रसंगी इतक्या आत्मविश्वासाने मांडले जातात, की त्यांची तपासणी करण्याचे कोणाच्या मनातच येत नाही.

पहिला युक्तिवाद पैशाचा. बिल्डरला रक्कम मोजून ज्याने खांबांमधली जागा ‘विकत’ घेतली, त्याच्याविषयी सहानुभूती वाटते. परंतु जे विकणाऱ्याच्या मालकीचेच नव्हते, त्यावर घेणाऱ्याची मालकी कोठून उत्पन्न व्हावी? दहिसरच्या पांचाली गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला, की १९६३ च्या सदनिका कायद्याच्या दृष्टीने स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती इमारतीच्या सामायिक भागातच मोडते आणि तिची स्वतंत्र विक्री करण्याचा अधिकार बिल्डरला नाही. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्यानेही उघडा वाहनतळ सामायिक क्षेत्रातच गणला आहे. (त्या कायद्याखाली आच्छादित जागा करारात नमूद करून रीतसर विकता येते, तशा जागांविषयी माझी तक्रार नाही.) ज्याची फसवणूक झाली असेल, त्याने विकणाऱ्यावर दावा लावावा, त्याची भरपाई शेजाऱ्याने का करावी?

दुसरा युक्तिवाद वहिवाटीचा: ‘आमची गाडी पहिल्यापासून येथेच उभी राहते.’ परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने खालसा झाली, तरी वतनदारी वृत्ती शहरात येऊन स्टिल्टखाली स्थिरावली, असे हे ऐकताना वाटते. वतनदाराकडून निदान काही चाकरी अपेक्षित असे. येथे आधी राहायला आल्याखेरीज दुसरे कर्तृत्व दाखवावे लागत नाही.

लिलावाचा पुरस्कार करणाऱ्यांचे म्हणणे याहून विचारार्ह आहे. ज्याला खरी गरज आहे तो अधिक दाम देईल आणि आलेला पैसा सर्वांच्या उपयोगी पडेल, असे ते सांगतात. नाममात्र शुल्क ठेवले की न चालणारी गाडीसुद्धा कव्हर घालून वर्षानुवर्षे जागा अडवते, हेही खरे आहे. परंतु अधिक दाम देण्याची ऐपत आणि अधिक गरज या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्या संस्थेत सदनिका केवढीही असली तरी सभासदाला मत एकच असते, तेथे एकाची तिसरी मोटार दुसऱ्याच्या पहिल्या मोटारीला रस्त्यावर हाकलून देईल, अशी व्यवस्था कशी शोभावी? दामाचा अंकुश हवाच, पण तो दुसऱ्या गाडीपासून लावावा, आणि चांगला टोचेल असा लावावा.

न्याय्य मार्ग शोधायला दूर जावे लागत नाही. सामान्यतः सभासदाला एकच जागा द्यावी, आणि पात्र सभासद अधिक व जागा थोड्या असतील तर वर्षावर्षासाठी सोडत काढावी, ही तरतूद आदर्श उपविधींतच आहे. पुष्कळ संस्थांच्या दप्तरात मात्र ती कुलूपबंद असते. तीत माझी भर एवढीच, की ज्याची चिठ्ठी यंदा निघाली नाही त्याला पुढील वर्षी सोडतीविनाच अग्रक्रम मिळावा. अपंग सभासदाला तर या फेऱ्यात घालूच नये. लिफ्टजवळची जागा त्याची. स्वतःची गाडी नसताना मिळालेली जागा बाहेरच्या माणसाला भाड्याने देणाऱ्याचे वाटप तत्काळ रद्द व्हावे.

यावर कार्यकारिणीचे ठरलेले उत्तर येते: ‘बदलाने संस्थेची शांतता भंगेल.’ ही शांतता ज्यांना जागा मिळाली आहे त्यांची. उरलेल्यांचे रात्री गल्लीत घिरट्या घालणे आणि सकाळी टोइंगवाल्याच्या मागे धावणे संस्थेच्या फाटकाबाहेर घडते, म्हणून ते इतिवृत्तात नोंदले जात नाही. सोडत भर सभेत काढावी, चिठ्ठ्या एखाद्या मुलाच्या हातून उचलाव्यात आणि जागेचा क्रमांक, सदनिका व मुदत दाखवणारी यादी त्याच संध्याकाळी सूचनाफलकावर लावावी. त्यातही कार्यकारिणीच्या सभासदांच्या चिठ्ठ्या सर्वांत शेवटी उघडाव्यात.