चार मीटर कुणी ठरवले?

सबमिशनची आदली रात्र होस्टेलवर कशी असते ते मी सांगायला नको. एकाची फाइल आणि दहा जणांची झेरॉक्स! परवा किनाऱ्याची धूप थांबवणाऱ्या बंधाऱ्याचं डिझाईन असंच उरकलं. 'लाटेची उंची ४ मीटर धरा' असं प्रश्नातच छापलं होतं. आम्ही धरली. सगळ्यांची उत्तरं जुळली. हे ४ मीटर आले कुठून, असं कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

माझं गाव भीमाशंकरच्या बाजूला, आंबेगाव तालुक्यात. नागफणीवरून खाली कोकण दिसतं, पण समुद्राशी आपला काय संबंध, असंच वाटायचं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि त्याचा वारा घाट चढून आमच्याकडेही आला. हिरड्याची जुनी झाडं मुळासकट आडवी झाली. हिरडा विकून ज्यांचं घर चालतं, त्यांचं काय झालं असेल? वादळाचा अंदाज म्हणजे नुसता आकडा नसतो, हे मला तेव्हा कळलं.

मित्रांनो, वारा किती वेगाने, किती तास आणि किती लांब पाण्यावरून वाहिला, यावर लाट ठरते. उथळ पाण्यात ती खोलीच्या साधारण पाऊणपट उंचीला फुटते. म्हणजे वादळाने पाणी फुगलं आणि त्यातच भरती आली, की मोठी लाट थेट किनाऱ्यापर्यंत पोचते. आपल्या हडसनच्या सूत्रात दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनावर अवलंबून असतं. खरी लाट २० टक्क्यांनी जास्त निघाली, तर दगड ७३ टक्के जड हवा होता! आणि 'शंभर वर्षांतून एकदा' येणारं वादळ ५० वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के असते.

त्यात नोंदी जुन्या असतील तर? २०१८ पर्यंतचीच आकडेवारी घेतली, तर 'क्यार' (२०१९), 'निसर्ग' (२०२०), 'तौक्ते' (२०२१) ही तिन्ही वादळं हिशेबातच येत नाहीत.

म्हणून माझं सरांना आणि मित्रांना एकच म्हणणं आहे. प्रत्येक सबमिशनमध्ये एक ओळ सक्तीची करा : लाटेची उंची कुठून घेतली, किती वर्षांच्या नोंदींवरून, कोणती वादळं धरून. खडकवासल्याला १९१६ मध्ये स्थापन झालेलं जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, तिथे लाटांवर काम चालतं. पुढची स्टडी टूर तिकडे न्यायला काय हरकत आहे?

उत्तर चुकलं तर आपले दोन मार्क जातात. बंधारा चुकला तर कुणाचं तरी अंगण जातं. बघा पटतंय का!